आल्बोर्गची मुले

९ एप्रिल १९४० ची सकाळ. डेन्मार्कमधील ओडेन्से या शहरात लोक न्याहारीच्या तयारीत असताना आकाशात विमानांची घरघर ऐकू येऊ लागली. माणसे खिडक्यांत आली, अंगणात आली. विमाने छपरांच्या अगदी वरून जात होती आणि त्यांच्यावरच्या जर्मन खुणा सहज ओळखू येत होत्या. पण त्यांतून बाँब पडले नाहीत. पडली ती छापील पत्रके. पत्रकांची भाषा डॅनिश होती, परंतु ती मोडकीतोडकी होती. शेजारच्या नॉर्वेच्या भाषेतील शब्दांची तिच्यात सरमिसळ झाली होती. मजकुराचा आशय असा, की इंग्रजांच्या आक्रमणापासून तुमचे रक्षण करावयास आम्ही आलो आहोत. तुम्ही आपली नित्याची कामे चालू ठेवा आणि प्रतिकार करू नका. ज्याला आपली भाषासुद्धा धड लिहिता येत नाही, तो आपला रक्षणकर्ता म्हणून न बोलावता दारात उभा होता.

ही पत्रके पडताना पाहणाऱ्यांत क्नूद पेडरसन नावाचा एक मुलगा होता. त्याचे वय १४ वर्षांचे. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. येन्स नावाचा एक थोरला भाऊ. या दोघा भावांनी आणि त्यांच्या शाळासोबत्यांनी पुढील दोन वर्षांत जे केले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यात मोठी रणांगणे नाहीत, सेनापती नाहीत. तिच्यात आहेत सायकली, शाळेची दप्तरे, निळ्या रंगाचा डबा आणि आपल्या वडीलधाऱ्यांविषयी मनात दाटलेली शरम. तरीही, परकीय सत्ता एखाद्या देशात टिकते कशाच्या बळावर, हा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर या मुलांच्या हकीकतीइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. डेन्मार्क हा लहानसा, सपाट देश. दक्षिणेला त्याची सीमा जर्मनीला लागून. मध्ये ना पर्वत, ना मोठी नदी. जर्मन सैन्य पहाटे सीमा ओलांडून आले, बंदरांत उतरले, विमानतळांवर हवाई छत्र्यांनी उतरले, आणि काही तासांतच डॅनिश सरकारने शस्त्र खाली ठेवले. राजे दहावे ख्रिश्चन कोपनहेगनमध्येच राहिले. मंत्रिमंडळ राहिले, संसद राहिली, न्यायालये आणि पोलीसही राहिले. जर्मनीला त्या बदल्यात जे हवे होते ते मिळाले: नॉर्वेकडे झेपावण्यासाठी विमानतळ, बंदरे, आणि जर्मन जनतेच्या ताटात पडणारे डॅनिश लोणी व डुकराचे मांस. वरून पाहणाऱ्यास वाटावे, की देश जिंकला गेलेलाच नाही. घरात फक्त काही पाहुणे मुक्कामाला आले आहेत.

त्याच दिवशी जर्मनीने नॉर्वेवरही हल्ला केला होता. तेथे मात्र निराळे घडले. नॉर्वेचे राजे सातवे हाकोन हे डेन्मार्कच्या राजांचे सख्खे धाकटे बंधू. त्यांनी शरण जाण्यास नकार दिला. नॉर्वेची फौज सुमारे दोन महिने लढली. अखेर राजे आणि सरकार इंग्लंडला गेले आणि तेथून त्यांनी लढा चालू ठेवला. एकाच घरातील दोन भाऊ, शेजारशेजारची दोन सिंहासने, आणि एकाच सकाळी दिलेली दोन उत्तरे. ओडेन्सेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना इतिहासाचा याहून स्पष्ट धडा कोणता मिळणार?

येथे डेन्मार्कच्या मंत्र्यांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. एका बाजूस त्या काळातील जगातील बलाढ्य सैन्य आणि दुसऱ्या बाजूस काही हजार सैनिक. लढले असते तर शहरे जळाली असती आणि निकाल तोच लागला असता, असा त्यांचा हिशेब होता. सहकार्य करून आपण आपली संसद, आपली न्यायालये आणि आपल्या नागरिकांचे प्राण वाचवीत आहोत, असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. डेन्मार्कमधील ज्यू नागरिक १९४३ च्या शरदापर्यंत आपापल्या घरी राहू शकले, हेही या धोरणाचेच एक फळ होते. चूक कोठे होती, तर ती हिशेबात नव्हती. तडजोड करणाऱ्या माणसाला तडजोडीची सवय होते, आणि मग ती तडजोड आहे याचेही भान उरत नाही. चूक होती ती या विस्मरणात. जर्मन सैनिक रस्त्यांतून गात जात. मिठाईच्या दुकानांतून खात बसत. आणि काही दुकानदारांना व कंत्राटदारांना हे नवे गिऱ्हाईक चांगलेच किफायतशीर वाटू लागले.

ही सवय न जडलेली माणसे कोण असणार? अर्थातच मुले. स्लागेल्से नावाच्या गावी आर्ने सायर हा १७ वर्षांचा विद्यार्थी होता. ९ एप्रिलच्याच रात्री त्याने टंकलेखन यंत्रावर डॅनिश माणसासाठी दहा आज्ञा लिहिल्या. जर्मनांसाठी काम करावे लागलेच तर वाईट करा, सावकाश करा, त्यांच्या उपयोगाची यंत्रे बिघडवा, त्यांचे चित्रपट पाहू नका, असा त्यांचा रोख होता. त्याने त्याच्या २५ प्रती काढल्या आणि गावातील प्रतिष्ठित लोकांच्या पत्रपेट्यांत नेऊन टाकल्या. पुढे त्या हातोहाती नकलल्या जाऊन देशभर पसरल्या. प्रतिष्ठितांना त्यांचे कर्तव्य सांगण्याची वेळ एका शाळकरी पोरावर यावी, या एकाच गोष्टीत त्या काळाचे सारे चित्र सामावलेले आहे.

ओडेन्सेत क्नूद आणि येन्स यांनी आपल्या चुलतभावाला आणि दोनचार मित्रांना जमवून एक मंडळ काढले. १९४० च्या त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश वैमानिक एकाकी झुंज देत होते. मुलांनी त्यांच्या वायुदलाचे नाव घेतले: आर. ए. एफ. क्लब. विमाने नव्हती, होत्या त्या सायकली. सायकलवरून जावे, जर्मनांनी लावलेल्या दिशादर्शक पाट्या फिरवाव्यात, त्यांच्या टेलिफोनच्या तारा कापाव्यात आणि कोणी येण्यापूर्वी निसटावे, असा हा उद्योग. त्याला युद्ध म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण या खोड्यांमागे एक निर्णय होता. या पाहुण्यांना येथे सुखाने राहू द्यावयाचे नाही, हा तो निर्णय.

१९४१ च्या वसंतात वडिलांची नेमणूक उत्तर युटलंडमधील आल्बोर्ग या शहरी झाली आणि कुटुंब तिकडे गेले. आल्बोर्गचा विमानतळ जर्मनांना फार मोलाचा होता. नॉर्वेकडे जाणाऱ्या विमानांचा तो महत्त्वाचा मुक्काम. त्यामुळे शहर सैनिकांनी गजबजलेले होते. पेडरसन कुटुंबाचे बिऱ्हाड पडले ते १४३१ साली स्थापन झालेल्या एका जुन्या मठाच्या इमारतीत. जाड भिंती, कमानी, अरुंद जिने आणि माळे. वडील खाली प्रवचनाची तयारी करीत असत, आणि वर येन्सच्या खोलीत मुले जमत.

मुलगे तेथल्या कॅथीड्रल विद्यालयात जाऊ लागले. नव्या शाळेत कोणावर विश्वास टाकावा हे कळावयास काही महिने गेले. अखेर १९४१ च्या नाताळच्या सुमारास येन्सच्या खोलीत काही विद्यार्थी बसले असताना बोलणे नॉर्वेवर आले. तेथील तरुण प्राण देत आहेत आणि आपण येथे स्वस्थ बसलो आहोत, हे त्यांना सहन होईना. त्या बैठकीत नवे मंडळ स्थापन झाले. नाव ठेवले ‘चर्चिल क्लब’. त्या नावाविषयी आपल्या मनात जे येईल, त्याचा विचार पुढे करू. तूर्त एवढेच ध्यानात घ्यावे, की १९४१ सालच्या एका डॅनिश मुलाच्या दृष्टीने ते नाव म्हणजे शरण न जाणाऱ्या माणसाचे नाव होते.

या मंडळाची कार्यपद्धती त्यांच्या वयातून जन्मलेली होती. रात्री वेळेवर घरी परतणे भाग असल्यामुळे कित्येक कामे त्यांनी भर दिवसाढवळ्या केली. घरी सांगावयाचे, की आम्ही ब्रिजचा डाव मांडून बसणार आहोत. आईवडिलांना वाटे, नव्या शाळेत मुलांना चांगले सोबती मिळाले. बरीच मुले सुखवस्तू, सुशिक्षित घरांतील होती. त्यांच्यावर कोणाचा संशय जाण्याचे कारण नव्हते. सैनिक गणवेशातील माणसाकडे संशयाने पाहतो, धिप्पाड मजुराकडे पाहतो. दप्तर घेऊन सायकलवरून जाणाऱ्या पोराकडे तो पाहत नाही. मुलांचे हे अदृश्यपण हेच त्यांचे पहिले शस्त्र ठरले.

आरंभ निळ्या रंगाने झाला. जर्मनांशी व्यापार करून गबर होणाऱ्यांच्या दारांवर आणि भिंतींवर ते युद्धाचे नफेखोर असल्याचे रंगवले जाऊ लागले. नाझींच्या स्वस्तिकाचे विडंबन करणारे एक चिन्हही त्यांनी बनवले होते. रंग ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु विचार करा. ज्या गावात जो तो काही घडलेच नाही असे भासवीत आहे, त्या गावात सकाळी भिंतीवर ओले निळे अक्षर दिसणे, याचा अर्थ एवढाच, की कोणाला तरी सर्व काही दिसते आहे.

रंगानंतर आगीचा क्रमांक आला. मंडळातील एका मुलाला रसायनशास्त्राची गोडी होती. सोबती त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. तो मठाच्या इमारतीत बसून ज्वालाग्राही मिश्रणांचे प्रयोग करी. जर्मन गाड्या जळू लागल्या. विमानतळाचे बांधकाम करणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या कचेरीला आग लागली. मे १९४२ च्या आरंभी आल्बोर्गच्या रेल्वेच्या आवारात विमानांचे पंख लादलेली मालगाडी उभी होती. मुलांनी तिला आग लावली. त्यांच्या नावावर एकूण सुमारे २५ कृत्ये नोंदली गेली आहेत. एवढे सारे करणाऱ्यांना परीक्षेचा अभ्यासही करावा लागत होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

आणि मग शस्त्रे. सैनिक उपाहारगृहांत जेवावयास बसत, तेव्हा आपले कोट आणि कमरपट्टे खुंटीवर टांगून ठेवीत. त्यांबरोबर पिस्तुलेही टांगलेली असत. बराकींच्या उघड्या खिडक्यांतून बंदुका हाताशी येत. मुलांनी पिस्तुले पळवली, बंदुका पळवल्या. अखेर एक यांत्रिक बंदूकही पैदा केली. ती सारी मठाच्या जुन्या भिंतींआड लपवली. ती चालवावयास त्यांना कोणी शिकवले नव्हते. ज्या हातांनी काल चेंडू फेकला, त्याच हातात आज भरलेले पिस्तूल होते. माणसावर गोळी झाडावयाची काय, हा प्रश्न त्या पोरांपुढे उभा राहिला. वडिलांना विचारण्याची सोय नव्हती. धर्मगुरूला विचारावे, तर या दोघा भावांचे वडीलच धर्मगुरू. त्यांच्या हातून कोणाचा जीव गेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण जो प्रश्न राष्ट्राच्या धुरीणांनी सोडवावयाचा, तो सोळा वर्षांच्या मुलांवर येऊन पडला होता. या साऱ्या हकीकतीत मनाला सर्वांत अधिक टोचते ते हेच.

इतके दिवस निभावले, हेच नवल. जर्मन अधिकारी चिडले होते. तुमच्या पोलिसांना गुन्हेगार सापडत नसतील तर आमचे पोलीस पाहून घेतील, असा त्यांचा इशारा होता. त्यामुळे कोपनहेगनहून कसलेले तपासनीस आल्बोर्गला आले. ज्या धिटाईने मुलांना यश दिले, तिनेच त्यांचा घात केला. एका उपाहारगृहातील नोकरी करणाऱ्या बाईने या मुलांना कोटांच्या खोलीत घुटमळताना पाहिले होते. तिने ओळख पटवली. आणि ८ मे १९४२ रोजी पोलीस मुलांच्या दारात येऊन उभे राहिले. पकडावयास आले होते ते डॅनिश पोलीस. ज्यांच्या देशासाठी हे केले, त्यांनीच बेड्या घातल्या.

अटकेची वार्ता फुटली तेव्हा सर्वत्र एकच आश्चर्य पसरले. विध्वंस करणारे कोणी मुरलेले क्रांतिकारक असतील, इंग्रजांचे हस्तक असतील, असा सर्वांचा समज. निघाले ते कॅथीड्रल विद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांच्याबरोबर वयाने थोडे मोठे असे तिघे तरुण. जर्मनांपुढेही पेच पडला. शाळकरी मुलांना गोळ्या घालाव्यात, तर ‘आम्ही रक्षणकर्ते आहोत’ हे सोंग गळून पडणार. म्हणून खटला डॅनिश न्यायालयात चालला. जर्मनांचे लक्ष मात्र त्यावर होते. जुलै १९४२ मध्ये शिक्षा झाल्या: कोणाला दीड वर्ष, क्नूद आणि येन्स यांना तीन वर्षे, मोठ्या तरुणांना त्याहून अधिक, अशा पाच वर्षांपर्यंतच्या.

यापुढील प्रकार एखाद्या कादंबरीत घातला असता, तर वाचकाने लेखकाला दोष दिला असता. ते तिघे मोठे तरुण आल्बोर्गच्याच तुरुंगात होते. त्यांनी आपल्या खोलीच्या खिडकीचा एक गज करवतीने कापला, तो पुन्हा जागच्या जागी दिसेल असा बेमालूम बसवला, आणि ते रात्री बाहेर पडू लागले. पळून जाण्यासाठी नव्हे. रात्री बाहेर जावे, जर्मनांची आणखी काही मालमत्ता निकामी करावी, आणि उजाडण्यापूर्वी परत येऊन आपल्या कोठडीत निजावे, असा हा क्रम काही काळ चालला. बाहेरचे अधिकारी बुचकळ्यात पडले. संशयित तर गजांआड आहेत! अखेर एका रात्री हवाई हल्ल्याचा इशारा झाला, ते रस्त्यातच अडकले आणि सापडले. क्नूद, येन्स आणि इतर विद्यार्थ्यांना न्यूबोर्गच्या तुरुंगात पाठवण्यात आले होते. तेथे क्रमांक मिळाला, कोठडी मिळाली आणि वाढत्या वयाला न पुरणारे अन्न मिळाले. क्नूद आणि येन्स मे १९४४ मध्ये सुटले. आत गेले तेव्हा ती पोरे होती. बाहेर आली तेव्हा त्यांचे बालपण हरवले होते, आणि ते कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते.

आता हिशेब मांडू. या मुलांनी जर्मन सैन्याची किती हानी केली? युद्धाच्या महासागरात ती घागरभरही नव्हती. काही गाड्या, काही पंख, काही बंदुका. हिटलरच्या सेनेला त्याने काडीचाही फरक पडला नसेल. मग त्यांनी साधले काय?

परकीय सत्ता येते बंदुकीने. पण टिकते ती सवयीने. प्रत्येक चौकात सैनिक उभा करणे कोणत्याही विजेत्याला परवडत नाही. रेल्वे चालवणारा चालक, हिशेब ठेवणारा कारकून, गस्त घालणारा पोलीस आणि माल पुरवणारा व्यापारी हे सारे जिंकलेल्या देशातीलच असावे लागतात, आणि ‘आता हे असेच चालायचे’ असे त्यांना वाटावे लागते. डेन्मार्कवरील जर्मन सत्ता स्वस्तात चालली होती ती या एका वाक्याच्या आधारावर. आल्बोर्गच्या मुलांनी ते वाक्य खोटे ठरवले. सोळा वर्षांच्या पोराला तुरुंगात जावेसे वाटते, तर चाळीस वर्षांच्या माणसाला घरी स्वस्थ झोप कशी लागते, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही. तरी तो घरोघर विचारला गेला.

पुढील घटना केवळ या मुलांमुळे घडल्या असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. युद्धाचे पारडे फिरले, इंग्लंडहून साहाय्य येऊ लागले, जर्मनांची मागणी वाढत गेली; ही कारणे मोठी होती. परंतु ऑगस्ट १९४३ मध्ये ओडेन्से, आल्बोर्ग आणि इतर शहरांत संप झाले. देहान्ताच्या शिक्षा द्या, संपांवर बंदी घाला, ही जर्मनांची मागणी डॅनिश सरकारने अखेर फेटाळली. आणि २९ ऑगस्ट रोजी सहकार्याचे पर्व संपले. त्या दिवशी डॅनिश आरमाराने आपली कित्येक जहाजे आपल्याच हातांनी बुडवली. ऑक्टोबरमध्ये ज्यूंची धरपकड होणार हे कळताच साध्या कोळ्यांनी, डॉक्टरांनी आणि धर्मगुरूंनी ७,००० हून अधिक माणसे होड्यांतून स्वीडनला पोहोचवली. जो देश १९४० मध्ये काही तासांत गप्प झाला होता, तोच हा देश होता. मुलांनी मार्ग आधी चोखाळला, थोर माणसे मागाहून आली. एवढे तर निश्चित म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डेन्मार्कच्या मुलांना तुरुंग मिळाला, कारण त्यांच्या देशात न्यायालय नावाची वस्तू शिल्लक होती. आणि ते न्यायालय शिल्लक राहिले होते ते वडीलधाऱ्यांच्या त्याच तडजोडीमुळे. इतरत्र हे भाग्य नव्हते. फ्रान्समध्ये गी मोके हा १७ वर्षांचा मुलगा पत्रके वाटल्यावरून तुरुंगात होता. एका जर्मन अधिकाऱ्याचा खून झाला, आणि त्याचा सूड म्हणून २२ ऑक्टोबर १९४१ रोजी शातोब्रियाँ येथे ज्या २७ ओलिसांना गोळ्या घातल्या, त्यांत तो होता. पोलंडमध्ये बालवीर पथकांनी ‘राखाडी तुकड्या’ या गुप्त नावाखाली काम केले; १९४४ च्या वॉर्सातील उठावात त्यांतील लहान मुले पडझड झालेल्या रस्त्यांतून टपाल पोहोचवीत होती. हॉलंडमध्ये ओव्हरस्टेखेन भगिनी, एक १६ वर्षांची आणि दुसरी अवघी १४ वर्षांची असताना, प्रतिकाराच्या सशस्त्र कार्यात ओढल्या गेल्या. ही नावे आपण गौरवाने घेतो, घ्यावीतच. पण मुलांच्या हाती शस्त्र आले याचा सोहळा करता येत नाही. त्यांच्या शौर्याच्या प्रत्येक कथेच्या पोटात, ज्यांनी त्यांच्यापुढे उभे राहावयास हवे होते अशा कोणाच्या तरी अनुपस्थितीची कथा दडलेली असते.

आता त्या नावाविषयी. चर्चिल हे नाव ऐकून भारतीय श्रोत्याच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ते स्वाभाविक आहे. जुलै १९४२ मध्ये डेन्मार्कची ही मुले शिक्षा भोगू लागली, आणि ९ ऑगस्टला त्याच चर्चिलच्या सरकारने आपल्या देशाच्या नेत्यांना तुरुंगात टाकले. बरोबर एका महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या रस्त्यात हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता हा १५ वर्षांचा विद्यार्थी आपल्या सोबत्यांसह त्याच साम्राज्याच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. आल्बोर्गच्या मुलांना जे नाव स्वातंत्र्याचे वाटत होते, ते नंदुरबारच्या मुलांना पारतंत्र्याचे होते. यात विरोध दिसतो. पण तो नावाचा विरोध आहे, मुलांचा नाही. दोन्ही गावच्या मुलांनी एकच गोष्ट केली. देश, मान, स्वातंत्र्य हे जे शब्द थोर माणसे सभांतून उच्चारतात, ते त्यांनी खरे मानले. एकाने निळा रंग हाती घेतला, दुसऱ्याने ध्वज. एकाच्या हाती चोरलेले पिस्तूल होते, दुसऱ्याचे हात निःशस्त्र होते. मार्ग भिन्न होते आणि त्यांतील अंतर लहान नाही. परंतु आपल्या देशात आपण पाहुण्यासारखे राहणार नाही, हा हट्ट मात्र एकच होता.

५ मे १९४५ रोजी डेन्मार्क मुक्त झाला. ऑक्टोबर १९५० मध्ये चर्चिल कोपनहेगनला गेले असता या मंडळाचे सभासद त्यांना भेटले. सत्कार झाले, गौरव झाला. पण क्नूद पेडरसनने आपल्या उरलेल्या आयुष्यात जे केले, ते मला अधिक बोलके वाटते. त्याने लष्कर निवडले नाही, राजकारण निवडले नाही. १९५७ मध्ये त्याने कोपनहेगनमधील जुन्या निकोलाय चर्चच्या इमारतीत चित्रांचे ग्रंथालय काढले. ग्रंथालयातून पुस्तक आणावे तसे कोणाही सामान्य माणसाने अल्प मूल्यात खरे चित्र घरी न्यावे, काही दिवस भिंतीवर लावावे आणि परत आणून द्यावे, अशी ही योजना. ज्याने मुलपणी भिंतींवर रोषाची निळी अक्षरे लिहिली, त्याने प्रौढपणी लोकांच्या भिंतींवर चित्रे लावली. डिसेंबर २०१४ मध्ये तो वारला.

या हकीकतीला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आपण ती ऐकतो आणि मुलांचे कौतुक करून उठतो. मला वाटते, ती मुलांना सांगण्याची गोष्ट आहे त्याहून अधिक ती थोरांनी ऐकण्याची आहे. घरात, शाळेत, सभेत आपण मुलांपुढे मोठे शब्द बोलतो तेव्हा ती कान देऊन ऐकत असतात, आणि आपण त्या शब्दांना जागतो की नाही हेही पाहत असतात. आल्बोर्गच्या त्या मठात वडील खाली सत्याविषयी प्रवचन लिहीत होते आणि वर मुले ते आचरणात कसे आणावे याचा खल करीत होती. मधे होता तो केवळ एक जिना. तो जिना चढून वर जाण्याचे काम वडीलधाऱ्यांचे होते. ते वेळेवर झाले नाही, म्हणून मुलांना एकट्यांनाच खाली उतरून रस्त्यावर यावे लागले.